मदत हवी आहे: शोलेच्या दोन डीव्हीडी, डोकी कापली जातात

सावरी:
रविवारी बाबांची पंचाहत्तरी. त्यांना 'शोले' लावून दाखवायचाय. घरात दोन डीव्हीडी आहेत. एकीत चित्र चौकोनी, दुसरीत आडवं पण चारी बाजूंनी काळं. झूम केलं की डोकी जातात. कुठली लावू? लवकर सांगा प्लीज.

फिरकी:
झूम कुठल्या डिस्कवर केलंत? टीव्हीच्या रिमोटने की प्लेयरच्या? टीव्ही रुंद पडद्याचा, १६:९ च ना?

जुनाखेळ:
डोळे झाकून चौकोनी लावा. शूटिंग ३५ एमएमच्या फिल्मवर, ४:३ मध्ये, म्हणजे जवळजवळ चौकोनी चौकटीत झालं. मोठ्या पडद्यावरच्या रुंद ७० एमएम प्रिंटसाठी ते वरून-खालून कापून २.२:१ केलं. जवळपास ४० टक्के उंची गेली!

अनुप_क:
जास्त दिसलं म्हणजे बरोबर दिसलं असं नाही हो. रुंद प्रिंट काढायचं ठरलं असेल तर माणसं त्याच चौकटीत बसवतात. वरचं आभाळ नुसतं मोकळं राहतं. २०२५ ला इटलीत बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात दाखवलेली दुरुस्त प्रतही २.२:१ च आहे.

जुनाखेळ:
आमच्या तालुक्याला ७० एमएम कधी आलंच नाही. आम्ही काय चुकीचा सिनेमा पाहिला?

मावळतीकर:
मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला होता! काका सांगतात, नाणं पडल्याचा आवाज आला की माणसं खुर्चीखाली वाकून बघायची.

रेवा:
डिस्क गोल गोल पुसू नका. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा.

सावरी:
टीव्ही १६:९ च आहे, झूम टीव्हीच्या रिमोटने केलं, दोन्हींवर. डोकी फक्त चौकोनीत जातात. आडवीत नाही.

फिरकी:
हे आधी सांगायचंत ना! आडवी डिस्क अ‍ॅनामॉर्फिक, म्हणजे रुंद टीव्हीसाठी बनवलेली नाही. वरखालच्या पट्ट्या ४:३ चित्रातच छापल्यात, म्हणून चारी बाजूंनी काळं. तिच्यावर बिनधास्त झूम करा, नुसतं काळं जाईल, चित्राला धक्का नाही. चौकोनीवर झूम केलं तर पाव चित्र उडतं, ती ४:३ वरच ठेवा. आणि ताणून पडदा भरू नका, चेहरे रुंद होतात.

सावरी:
आत्ता झूम करून पाहिलं. रेल्वेचा अख्खा सीन नीट दिसला, एकही डोकं कापलं नाही. रविवारी आडवीच लावते. खूप आभार फिरकी!

अनुप_क:
उत्तम निर्णय.

जुनाखेळ:
चौकोनी फेकून देऊ नका मात्र. तिच्यात शेवट कुठला आहे? पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात की ठाकूर गब्बरला मारतो? सेन्सॉरमुळे शेवट बदलावा लागला होता. गब्बर मरतो तो मूळ शेवट असेल तर ती डिस्क जपून ठेवा.

सावरी:
शेवटपर्यंत पाहिलीच नाही अजून. आज रात्री बघून सांगते.