हर्णैच्या पश्चिमेला ४५ मैल आणि बंदरावर ३ नंबरचा धोक्याचा बावटा: आत यायचं की बाहेर राहायचं?

हर्णै_बंदर:
समजा ५० फुटी ट्रॉलर, १२० एचपी इंजिन, सात खलाशी. दिवाळीच्या सुमाराचा हंगाम. वादळ लक्षद्वीपकडून वर सरकतंय आणि बोट हर्णैच्या पश्चिमेला ४५ सागरी मैलांवर आहे. हर्णै उघडं बंदर, आसरा नाही. आंजर्ल्याची खाडी जवळ, पण मुखाशी गाळ. मोठी जहाजं वादळात किनारा सोडून बाहेर जातात, ते आपल्या बोटीला लागू होतं का? आणि मदत मागायची वेळ आलीच तर नेमकं काय करायचं?

शास्त्रीकाठ:
जहाजाचा नियम ट्रॉलरला लावू नका. जहाज १४ नॉटने वादळाच्या वाटेतून बाजूला होतं, आपण ७ ने नाही होऊ शकत. ४५ मैल म्हणजे साडेसहा तास, तेही समुद्र बरा असेल तर. समोरून लाट आली की वेग ३-४ नॉटवर येतो आणि तेच अंतर १२-१५ तासांचं होतं. म्हणून बावट्याची वाट बघायचीच नाही. हवामान विभागाचा चक्रीवादळाचा इशारा (सायक्लोन अलर्ट) ४८ तास आधी येतो, जाळं तेव्हाच वर घ्यायचं.

आंजर्ल्याच्या मोहात पडू नका. तुम्ही सांगता त्या जागेवरून दाभोळ साधारण ५० मैल, म्हणजे पाचच मैल जास्त. जयगड ६०, पण तिथे पाणी खोल. कुठल्याही खाडीत शिरायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. ओहोटीचा ओढ बाहेर येतो, लाट आत जाते, आणि दोन्ही गाळावर भेटले की लाट उभी राहून फुटते. बोट आडवी होते ती तिथेच.

वाऱ्याचं नीट लक्षात घ्या. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्र आपल्या पश्चिमेकडून उत्तरेला जात असेल तर कोकण त्याच्या उजव्या, म्हणजे वाईट अंगाला येतं. वारा आधी पूर्व-आग्नेय, मग दक्षिण, मग नैर्ऋत्य. पहिला वारा जमिनीवरून येत असल्याने किनाऱ्याजवळचं पाणी सपाट दिसतं आणि तांडेल (बोटीचा प्रमुख) निर्धास्त होतो. ऑक्टोबरात मतलई रोज असतेच, पण ती सकाळी दहा-अकरापर्यंत पडते आणि खारा वारा सुटतो. दुपारी दोनलाही पूर्वेचा वारा चालू आहे आणि खालून, म्हणजे दक्षिणेकडून, लांब लांब फुगवटा येतोय, तर ती मतलई नाही.

मुखावर लाटा फुटायला लागल्या असतील तर मात्र आत शिरू नका. मग किनाऱ्यापासून लांब राहणं खरंच बरं. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेला २०-३० अंशांवर ठेवायची आणि सुकाणू ऐकेल एवढाच इंजिनाचा जोर.

पंखा_आणि_पंप:
वरचं सगळं इंजिन चालू असेल तर. वादळात इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा डिझेलमुळे. टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी हेलकाव्याने ढवळून फिल्टर बंद करतं. टाकी अर्ध्याखाली असेल तर बोट कलंडताना पाइप हवा ओढतो. किमान चार फिल्टर सोबत हवेत, आणि फिल्टर बदलल्यावर फीड पंपाने हवा काढणं दोघांना तरी यायला हवं, अंधारातही.

तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची जाळी खवले आणि दोराच्या तुसांनी तुंबते, ती आधीच साफ करा. ट्रॉलचे बोर्ड (जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या) आणि ओलं जाळं वर टांगून ठेवू नका, डेकखालच्या खणात उतरवा. वर वजन असलं की बोट कलंडल्यावर सावरायला वेळ लागतो. खणाची झाकणं फळी आणि ताडपत्रीने आवळून बांधा. एकही दोर डेकवर मोकळा नको: बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेला की खेळ संपला.

नांगरावर फार भिस्त ठेवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर चढलं. मे २०२१ च्या तौक्तेत पी-३०५ या कामगारांच्या राहण्याच्या बार्जचे नांगर तुटले आणि १७ तारखेला ती बुडाली.

चॅनल_१६:
मदतीचं. डॅटचं (बोटीवरच्या संकटसंदेश यंत्राचं) बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्फत मुंबईच्या तटरक्षक बचाव केंद्राकडे जातो. यंत्राला वर मोकळं आकाश हवं, केबिनमध्ये पिशवीत ठेवून उपयोग नाही. सोबत व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर मराठीत-हिंदीत बोला: बोटीचं नाव, नोंदणी नंबर, जागा, काय झालंय, किती माणसं. मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक १५५४, सागरी पोलीस १०९३.

जागा सांगताना एक चूक सर्रास होते. जीपीएसवर १७ अंश ४९.५० मिनिटं दिसतं आणि माणूस वाचतो ‘४९ मिनिटं ५० सेकंद’. ते ४९ मिनिटं ३० सेकंद आहे. फरक ६०० मीटरचा, आणि चार मीटरच्या लाटांत एवढ्या अंतरावरून पाण्यातलं डोकं दिसत नाही. इंजिन बंद असेल तर बोट ताशी दोन मैल सहज वाहते, म्हणून दर अर्ध्या तासाला नवी जागा सांगा.

फ्लेअर (मदतीच्या इशाऱ्याची मशाल) घाईत जाळू नका. हाती धरायचा लाल फ्लेअर मिनिटभर जळतो. विमानाचा आवाज आला किंवा जहाज दिसलं तरच. दिवसा नारिंगी धूर.

हर्णै_बंदर:
धन्यवाद. हेलिकॉप्टर आलं तर? आणि जहाज आधी पोचलं तर?

चॅनल_१६:
हेलिकॉप्टर थेट डेकवरून उचलेलच असं नाही. डोलकाठी, अँटेना, बूम यांत केबल अडकते, त्यामुळे एकेकाला लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरायला सांगतील. तोंडी सूचना येईपर्यंत कुणी उडी मारायची नाही. खाली येणारा हूक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्या, त्यात स्थिर वीज साठलेली असते. आणि तो बोटीला बांधायचा नाही, कधीच नाही.

जहाज वाऱ्याच्या बाजूला आडवं उभं राहून आडोसा करतं. बोट त्याच्या पोलादी अंगावर आपटते, म्हणून टायर बाहेर टाका आणि मधे हात-पाय घालू नका. शिडी पकडायची ती बोट लाटेच्या माथ्यावर असताना. लाट उतरत असताना पकडली तर पुढची लाट बोटीला वर आणून पाय चिरडते. ओढून न्यायचं ठरलं तर दोर विंचला नको, नाळेवरच्या मजबूत खुंटाला बांधा, घासतो तिथे जुना रबरी पाइप गुंडाळा आणि कुऱ्हाड जवळ ठेवा.

शास्त्रीकाठ:
एक राहिलं. जॅकेट वादळ दिसल्यावर नाही, परत फिरल्यापासूनच अंगावर. पी-३०५ वर २६१ जण होते, १८६ वाचले, त्यांतले कित्येक जण रात्रभर जॅकेटच्या जोरावर पाण्यात तरंगत होते. आणि बोट तरंगतेय तोवर बोट सोडायची नाही, उलटली असली तरी. वरून माणसापेक्षा बोट आधी दिसते.