‘पात्र बदललं’ म्हणजे नेमकं काय झालं?

सांजवात
एका वाक्यावर अडले आहे. ‘ट्रू ब्लड’ ही एचबीओची, रक्त पिऊन जगणाऱ्या व्हँपायरांची मालिका (२००८ ते २०१४) आणि ती ज्यांच्यावरून घेतली त्या शार्लेन हॅरिसच्या कादंबऱ्या, यांवर एक लेख लिहितेय. त्यात लिहिलं, “मालिकेने ताराचं पात्र बदललं.” बहिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, “का गं, आधीची नटी सोडून गेली का?”

तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे मालिकेत पात्र बदललं म्हणजे एका सोमवारी त्याच नावाने दुसरंच कुणीतरी जिना उतरतं आणि घरातल्या कुणालाही त्याचं काही वाटत नाही. मला म्हणायचंय ते वेगळं. कादंबरीतली तारा थॉर्नटन, नायिकेची मैत्रीण, गोरी आहे, तिचं कपड्यांचं दुकान आहे. मालिकेतली काळी आहे, तिच्या जिभेला हाड नाही आणि एका नोकरीत ती धड टिकत नाही. ते काम रुटिना वेस्लीने पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं. म्हणजे नटी तीच, बदलली ती तारा. हे कसं सांगायचं?

वहीचं_पान
नटी बदलली तर ‘आता ती भूमिका अमुक करते’. माणूसच वेगळा झाला तर ‘व्यक्तिरेखा बदलली’. पात्र हा मुळात रंगमंचावरचा शब्द: पात्रप्रवेश, पात्रपरिचय, पात्रयोजना. संस्कृत नाटकात तर पात्र म्हणजे सोंग घेऊन आलेला नटच. त्यामुळे तुमच्या बहिणीने जो अर्थ घेतला तो जुनाच आहे. शिवाय नदीही पात्र बदलते, पण पाणी तेच राहतं. तुमच्या तारेचं उलट झालंय. पात्र तेच ठेवून आत पाणी दुसरं भरलंय.

घोंगडी
व्यक्तिरेखा ठीक आहे, पण मला विचाराल तर खोट ‘पात्र’मध्ये नाही, ‘बदललं’मध्ये आहे. सगळ्यालाच बदललं म्हणतो आपण. या मालिकेने प्रत्येकाचं वेगळं केलंय आणि मराठीत त्या प्रत्येकाला क्रियापद आहे.

बब्बा गाळला. कादंबऱ्यांतला बब्बा म्हणजे व्हँपायर झालेला, डोक्याने जरा अधू राहिलेला एल्विस प्रेस्ली, तो अमेरिकन गायक. त्याला खऱ्या नावाने हाक मारायची नाही, मारली की बिथरतो. मांजरांचं रक्त पितो. मालिकेत त्याचा मागमूस नाही. कागदावर नाव न घेता एल्विस उभा करता येतो, पडद्यावर त्याचा चेहरा आणणार कुठून?

जेसिका पदरची घातली. ही कादंबऱ्यांत नाहीच. कर्मठ घरातली, आयुष्यात पहिल्यांदाच मोकळी सुटलेली मुलगी, आणि तीही व्हँपायर झाल्यावर. बिलला, म्हणजे नायिकेच्या व्हँपायर प्रियकराला, शिक्षा म्हणून तिला व्हँपायर करायला लावतात आणि मग हे कार्टं सांभाळत बसावं लागतं. घातली पदरची, पण निघाली घरच्यांपेक्षा सरस.

आणि लाफायेट, गावातल्या बारचा आचारी. त्याच्यासाठी माझ्याकडे एकच शब्द आहे, जगवला. दुसरी कादंबरी उघडते तीच मुळी बारबाहेर उभ्या असलेल्या, पोलीस अँडी बेलफ्लरच्या गाडीत लाफायेटचं प्रेत सापडतं तिथे. मालिकेचा पहिला सीझन नेमका तिथेच आणून सोडलाय. तीच अँडीची गाडी, बाहेर आलेला एक काळा पाय, नखं रंगवलेली, आणि किंकाळी. पुस्तकं वाचलेल्यांनी तेव्हाच लाफायेटच्या नावाने हात जोडले असतील. दुसरा सीझन सुरू झाल्यावर कळतं की पाय मिस जेनेटचा, ती भोंदू मांत्रिकीण. लाफायेट जिवंत. नेल्सन एलिसने तो पुढे सातव्या सीझनपर्यंत वागवला: बारच्या भटारखान्यात डोक्याला रुमाल, पापण्यांना रंग, आणि वाट्याला आला तर सोलून काढेल अशी जीभ. कादंबरीत जो मरण्यापुरता होता तो मालिकेत उरला, आणि एलिसला पाहिल्यावर त्याला मारायचा धीर कुणाला झाला असता, हेही आहेच.

(२०१७ साली एलिसच गेला. ते वाचल्यावर हा पायाचा प्रसंग मी पुन्हा पाहिलेला नाही.)

वहीचं_पान
पटलं. कारणही सांगतो. कादंबऱ्या जवळजवळ सगळ्या सूकीच्या, म्हणजे नायिकेच्या, तोंडून, प्रथमपुरुषी. ती जिथे नाही तिथलं सहसा आपल्याला दिसतच नाही. कॅमेरा मात्र सूकी झोपल्यावर लाफायेटच्या घरी जाऊ शकतो. तिथे गेला की तिथल्या माणसाला घर, आई, प्रियकर, कर्ज असं सगळं द्यावं लागतं.

मोगरी
तुम्ही याला रूपांतर म्हणणार का? मला तो शब्द इथे खटकतो. रूपांतर म्हणजे पुलंनी ‘पिग्मॅलियन’चं केलं ते, लंडनची एलायझा थेट मंजुळाच झाली. इथे लुइझियाना तेच, बाँ ताँ गाव तेच, भाषाही तीच. माध्यमांतर म्हणा. शब्द जरा परिपत्रकातला वाटतो, पण चुकीचा नाही.

घोंगडी
‘बेतलेली’ म्हणा की! कापड त्यांचं, माप यांचं. तेरा कादंबऱ्यांच्या कापडातून सात सीझनचा अंगरखा. शेवटी तर कात्रीच फिरली. कादंबरीत सूकी बारचा मालक सॅम याच्यापाशी येऊन थांबते, मालिकेत ती कुणा नवऱ्याबरोबर बसलेली दिसते आणि त्याचा चेहरासुद्धा दाखवत नाहीत.

कुळागर
थोडं अवांतर. लेखात व्हँपायरला वेताळ म्हणू नका, ही हात जोडून विनंती. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला व्हँपायर केलं आणि कोशांतून ती जोडी फिरत राहिली. वेताळ कुणाची मान फोडत नाही. आमच्याकडे गोव्यात तो गावचा राखणदार आहे, त्याला देऊळ आहे. पिशाच म्हणावं तर त्याला देह नसतो, व्हँपायरला असतो. (आणि ते पिशाच, पिशाच्च नव्हे.) ‘रक्तपिपासू’ वर्तमानपत्रांनी गुंडांना आणि हुकूमशहांना वाटून टाकलाय. व्हँपायरच राहू दे.

आणि एक गंमत. यजमानाने बोलावल्याशिवाय व्हँपायर घरात पाऊल टाकू शकत नाही. आता मराठी घरात पाहुणा निघताना ‘येतो’ म्हणतो आणि आपण ‘या हं’ म्हणतो. झालं की मग पुढच्या खेपेचं आमंत्रण!

सांजवात
कुळागर, हे लेखात घेतेय, तुमची परवानगी गृहीत धरून.

घोंगडी यांची क्रियापदं एकेकाला लावून पाहिली. बब्बा गाळला, जेसिका पदरची, लाफायेट जगवला. सगळी बसली. अडते पुन्हा तारापाशीच. पहिल्याच भागात ती स्वतः म्हणते की काळ्या मुलीला एका प्लँटेशनचं नाव, आहे की नाही विनोद? ‘गॉन विथ द विंड’ या अमेरिकन कादंबरीत ओहारांच्या, गुलाम राबवणाऱ्या कापसाच्या जमिनीचं नाव तारा. (मळा लिहिलं होतं, खोडलं. मळा म्हटलं की विहीर आणि वांगी दिसायला लागतात.) गोऱ्या ताराला हेच नाव होतं तेव्हा ते नुसतं नाव होतं. मालिकेने त्यातलं एक अक्षर हलवलं नाही, माणूस बदलला आणि नाव टोचायला लागलं. आपल्या कानाला तर ती आकाशातली तारा, आपल्याला टोचणारही नाही. तेव्हा हे समजावूनच सांगावं लागणार. म्हणून तिथे क्रियापद शोधत बसत नाही, सरळ लिहितेय, “नाव तेच ठेवून मालिकेने दुसरी तारा आणली.”

वहीचं_पान
चालेल. बहिणीला पुन्हा दाखवा.

सांजवात
दाखवलं. म्हणाली, “म्हणजे नटी बदललीच ना?”