बाही जोडायला यंत्र कधी येणार?

प्रश्न: कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थर पसरणं, कापणं, काजं, खिसे, सगळं ऑटोमॅटिक झालं. बाही अजून माणसाच्याच हातात का?

– मी शर्टाच्या लाइनवर बाह्या जोडते. बाहीचा गोलवा मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याजवळच्या गोल कापापेक्षा, जरा जास्त कापलेला असतो. ती जास्तीची लांबी चुणी न पडता बोटांनी जिरवत न्यायची. सुती आणि रेयॉन वेगळं ताणतं, ते बोटांना आधी कळतं.

प्रश्न: २०१६ मध्ये सोबो (Sewbo) या अमेरिकन कंपनीने कापड पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरने कडक करून रोबोकडून टी-शर्ट शिवून घेतला होता ना?

– हो, पण नंतर ते धुवावं लागतं. शिवाय दर हंगामात कापड बदलतं. चादरी, टॉवेल आधी यंत्राकडे जातील. आम्हाला ही ऑटोमॅटिक मशीन चालवायला आत्ताच शिकवा, एवढंच मागणं आहे.