मदत हवी आहे: चुण्यांचा रिबिनीचा हेअरबँड
मैत्रिणींनो, भाचीच्या बोरन्हाणाला हलव्याच्या दागिन्यांसोबत काळ्या साटीनच्या रिबिनीचा चुण्यांचा हेअरबँड घरीच करायचाय, बाजारातले प्लॅस्टिकचे कानामागे टोचतात आणि ती लगेच भिरकावते. एक इंची रिबिनीला मधोमध धावदोरा घालून ओढला की चुण्या मस्त पडतात, टोकं मेणबत्तीवर धरली की दोरेही सुटत नाहीत, इथपर्यंत ठीक. पण इलॅस्टिकवर शिवलं की ते ताणतच नाही, मग डोक्यावर बसणार कसं? ताणून धरूनच शिवायचं का? झिगझॅग सांगू नका, मशीन जुनी आहे, सरळ टीपच मारते. ग्लू गनही नको, वाळलं की कडक होतं आणि बाळाच्या कपाळाला लागतं. आणि डोकं १८ इंच असेल तर रिबिन दुप्पट घेऊ की अडीचपट? रथसप्तमीच्या आत सांगा गं!