मदत हवी आहे: पुढचा डावा कॅलिपर अडकलाय, ब्रेक पॅड बदलायचे आहेत

घाटवळण
पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, पुढे एका पिस्टनचा सरकता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग). गाडी रत्नागिरीत समुद्राजवळ उभी असते, त्यामुळे खालचं लोखंड बरंच गंजलंय. पुढचे पॅड संपत आलेत. उजवी बाजू सहज उघडली. डाव्या बाजूचे कॅलिपरचे दोन्ही बोल्ट (१४ चे) निघाले, पण बॉडी उचलली जात नाही. खालून किंचित डुलते, वरून अजिबात नाही. हे चाक काढायच्या आधीपासूनच हाताने फिरवायला जड होतं. डिस्कच्या बाहेरच्या कडेला नखाला लागेल अशी धार आली आहे. गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवलाय, हातोडा अजून लावलेला नाही. आधी काय तपासायचं? आणि गॅस टॉर्चने तापवलं तर चालेल का?

सॉकेट१७
हातोडा लावला नाहीत हे उत्तम केलंत. नक्की काय अडकलंय ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

दोन्ही बोल्ट निघाले म्हणजे बॉडी पिनांपासून (ज्यांवर ती सरकते) सुटी झाली. पिना जाम असतील तरी त्या आता बॉडीला धरून ठेवू शकत नाहीत. फार तर वरच्या कानाची (बोल्ट बसतो ती जागा) आणि पिनेच्या तोंडाची गंजाने चिकट झाली असेल. तिथे लाकडाचा ठोकळा धरून हलकेच ठोकलं की ती सुटते. बाकी बॉडीला धरून ठेवतो तो पिस्टन. तो बाहेर आलेला असतो आणि पॅड डिस्कवर दाबून ठेवतो. काही गाड्यांत आतला पॅड स्प्रिंगने पिस्टनमध्ये आणि बाहेरचा बॉडीच्या पंज्यात अडकवलेला असतो. तिथे बॉडीबरोबर पॅडही बाहेर यावे लागतात आणि तुम्ही म्हणता ती धार आडवी येते. पॅड ब्रॅकेटमध्येच (पॅड धरणारी चौकट) राहत असतील तर बॉडी काढताना धारेचा संबंध नाही. कोणती रचना आहे हे उजव्या बाजूवरून तुम्हाला कळलंच असेल.

चाक जड का, ते आता बघा. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निप्पलवर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा आणि निप्पल अर्धा वळसा सैल करा. सहा कोनी रिंग पानाच वापरा, तो नळीच्या आधी बसवा, गंजलेला निप्पल बारा कोनी रिंगने गोल होतो आणि पुढे मोडतो. पेडल कोणी दाबायचं नाही. ऑइलची चिळकांडी उडाली आणि डिस्क लगेच मोकळी झाली, तर दाब आत कोंडला होता. अशा वेळी बहुधा ब्रेक ऑइलचा रबरी होज आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, पण परत यायला वाट राहत नाही. तो होज बदलल्याशिवाय नवे पॅड टाकू नका, तेही तसेच जळतील. नुसते थेंब आले आणि डिस्क तशीच जड राहिली, तर दोष पिस्टन, पिना किंवा पॅडच्या कानांचा (ब्रॅकेटमध्ये बसणाऱ्या टोकांचा).

मग पिस्टन मागे ढकला. मास्टर सिलिंडरवरची ऑइलची टाकी काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा, रंग उठतो. सी क्लॅम्पचा स्थिर जबडा बॉडीच्या मागे, स्क्रू बाहेरच्या पॅडच्या पाठीवर. बोल्ट काढलेलेच राहू द्या, नाहीतर जाम पिना बॉडीला सरकू देणार नाहीत. निप्पल किंचित उघडा ठेवून सावकाश आवळा. क्लॅम्प सोडायच्या आधी निप्पल बंद, नाहीतर हवा आत ओढली जाते. टॉमी (लोखंडी दांडा) डिस्कच्या तोंडावर टेकवून उचकटायचं नाही, डिस्कवर ओरखडे पडतात.

बॉडी निघाली की तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजवर लटकली तर होज आतून फाटतो आणि वरून काहीच दिसत नाही.

कॅमशाफ्ट
टॉर्चबद्दल माझं स्पष्ट मत आहे: गाडीवर असताना नाही. पिस्टनचं सील, धूळ रोखणारे बूट, होज सगळं रबर आहे आणि ब्रेक ऑइल पेट घेतं. त्याहून वाईट म्हणजे क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा अंश गरम लोखंडावर राहिला तर फॉस्जीन वायू तयार होतो. तो थोडाही विषारी असतो. तापवायचंच असेल तर ब्रॅकेट काढून वाइसमध्ये धरा, बूट काढा, पूर्ण कोरडं करा आणि हवेशीर जागी हीट गन वापरा.

स्प्रेचंही तेच. गंजाचा स्प्रे खनिज तेलाचा असतो, ब्रेकचं रबर त्याने फुगतं. बूटवर उडाला असेल तर पुसून काढा, आणि बूट ढिला किंवा चिकट वाटला तर बदला.

घाटवळण
निप्पल उघडल्यावर फक्त थेंब आले, चाक मोकळं झालं नाही. क्लॅम्पने पिस्टन सावकाश पण पूर्ण आत गेला. वरच्या कानावर ठोकल्यावर बॉडी निघाली. इथे पॅड ब्रॅकेटमध्येच राहतात आणि दोन्ही घट्ट बसलेत. आतला पॅड वरच्या टोकाला जास्त झिजून तिरका झालाय. खालची पिन हाताने फिरते, वरची जागची हलत नाही. तिचा बूट फाटलेला आहे.

सॉकेट१७
म्हणजे होज आणि पिस्टन दोन्हींवरचा संशय गेला. फाटक्या बूटमधून पाणी शिरलं, वरची पिन जाम झाली, कॅलिपर एका पिनेभोवती तिरका दाबत राहिला, म्हणून पॅड तिरका. पिस्टनचा बूट उचलून एकदा आत बघा. गंजाचे खड्डे नसतील तर ठीक, असतील तर दुरुस्तीचं किट किंवा नवा कॅलिपर.

पॅडचे कान स्टेनलेसच्या क्लिपमध्ये बसतात. क्लिपच्या खाली ब्रॅकेटला गंज चढला की तो क्लिपला वर उचलतो आणि कान आवळले जातात. नुसती क्लिप नवी टाकून हे सुटत नाही. पॅड डिस्कपासून लांब, आडवे बाहेर ठोकून काढा. मग ब्रॅकेटचे दोन बोल्ट (बहुतेक १७ चे) खोलून ब्रॅकेट वाइसमध्ये धरा. क्लिप काढून खालचा गंज कानशीने आणि तारेच्या ब्रशने उजळ लोखंड दिसेपर्यंत काढा. लोखंड खायचं नाही, फक्त गंज. नवा पॅड बोटाने ढकलला की सरकला पाहिजे.

पिनेला मानेजवळ पाना बसायला सपाट बाजू असतात. तिथे पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असं फिरवा. सरळ ओढायच्या नादात पिन मोडते. फिरू लागली की फिरवतच बाहेर ओढा. गंजाने खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून परत घालू नका, नवी पिन आणि दोन्ही बूटचं किट घ्या. भोक गोल ब्रशने आणि क्लीनरने साफ करून कोरडं करा. काही कॅलिपरमध्ये एका पिनेवर रबरी बुश असतो, ती वरची की खालची हे उजव्या बाजूला बघून ठेवा.

ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक. बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन पुन्हा जाम होते. पातळ थरच लावा. भोक पलीकडून बंद असतं, ग्रीस कोंबलं तर कोंडलेली हवा पिनेला परत बाहेर ढकलते. पॅडच्या कानांना आणि पाठीला पुसट बोट पुरे, घासणाऱ्या तोंडाला कणभरही नाही.

कॅमशाफ्ट
धार आहेच तर डिस्क मोजून घ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्या खाली असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. जाडी पुरेशी असेल तर धार लेथवर उतरवून घ्या, नाहीतर नवा पॅड कडेवर चढून ओरडतो. पॅडही दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

बोल्ट टॉर्क पान्याने, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. छोट्या गाड्यांत पिन-बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे ८० ते ११०. पिन-बोल्ट ब्रॅकेटच्या जोराने आवळला तर आटे जातात. निप्पल उघडला होता, त्यामुळे पेडल मऊ लागलं तर त्या चाकाची हवा काढा. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट (ब्रेक ऑइलचा दर्जा) क्रमांकाचं, सीलबंद डब्यातलं.

गाडी सुरू करायच्या आधी पेडल पुन्हा पुन्हा दाबा, घट्ट होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेला आहे, पहिल्या दाबाला पेडल तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही. पेडल घट्ट झाल्यावर टाकीतली पातळी बघा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन. परत आल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात धरा, टेकवू नका. डावं अजून जास्त तापत असेल तर वरची पिन पुन्हा उघडा.