बोलक्या आफ्रिकन पोपटाला आवरावे कसे? सल्ला हवा

सांजवेळ:
नमस्कार. थोरल्या दिरांची परदेशी बदली झाल्यामुळे त्यांचा आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट दिवाळीपासून ठाण्यातील आमच्या सदनिकेत मुक्कामाला आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर त्याची रीतसर नोंदणी झालेली आहे, त्यामुळे कागदपत्रांची चिंता नाही. चिंता आहे ती त्याच्या तोंडाची. दारावरच्या घंटेचा आवाज तो इतका हुबेहूब काढतो की सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी दारापर्यंत जातात, आणि त्यांची पाठ वळताच हा त्यांच्याच आवाजात "कोण आहे गं?" असे विचारतो. हेही चालवून घेतले असते. परंतु स्वयंपाकघराच्या कामाला आलेल्या सुतारांकडून त्याने एक अस्सल शिवी उचलली आणि सत्यनारायणाच्या पूजेत, गुरुजी संकल्प सांगत असताना, ती खणखणीत आवाजात ऐकवली. आता गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असेल. शिकलेला शब्द विसरायला लावता येतो का? शिवाय शेजारी म्हणतात की सोबतीला एक साधा हिरवा पोपट आणा म्हणजे हा गप्प होईल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाखरू_कराड:
शब्द पुसता येत नाही, पण मागे पडू देता येतो. त्या शिवीनंतर घरात काय घडले ते आठवा: कुणी हसले असेल, कुणी ओरडले असेल, मुले धावत आली असतील. पोपटाला शिवीच्या अर्थापेक्षा तिच्यामुळे उडणारी गडबड प्यारी असते. इंग्लंडमधील लिंकनशायर वन्यजीव उद्यानात 2020 साली याच जातीचे पाच पोपट एकत्र ठेवले होते. ते शिव्या देऊ लागले, लोक हसू लागले आणि हशामुळे त्यांना अधिकच चेव आला. शेवटी त्यांना एकमेकांपासून वेगळे करावे लागले. म्हणून शिवी ऐकू येताच रागावू नका, हसू नका, पिंजऱ्यावर कापडही टाकू नका. शांतपणे पाठ फिरवून खोलीबाहेर जा. त्याच सुमारास एखादी शीळ ठरवून घ्या, आणि त्याने ती घातली की लगेच शिळेनेच उत्तर देऊन डाळिंबाचे दोन दाणे द्या. घंटेचे मर्मही हेच आहे, कारण घंटा वाजली की माणूस उठते, हे त्याने हेरले आहे. काही दिवस येणाऱ्यांना फोन करायला सांगा आणि सासूबाईंना बसल्या जागेवरूनच शीळ घालू द्या. सर्वांनी हे पाळायला हवे. एकानेही चोरून हसायचे ठरवले की सगळे मुसळ केरात.

रानवाट:
हिरवा पोपट मुळीच आणू नका. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित असून 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याची खरेदी-विक्री आणि त्याला पाळणे हे दोन्ही गुन्हे आहेत. रस्त्याकडेला ज्योतिषाच्या पिंजऱ्यात तो सर्रास दिसतो, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

सांजवेळ:
आभारी आहे. हिरव्या पोपटाचा विषय आजच संपला. गणपतीचे दहा दिवस पिंजरा आतल्या खोलीत ठेवला तर चालेल का?

पाखरू_कराड:
रात्री अवश्य ठेवा, कारण त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. दिवसभर मात्र एकटे कोंडू नका. हा पक्षी थव्याने राहणारा आहे. कंटाळला की स्वतःची पिसे उपटतो, आणि ती सवय शिवीपेक्षा कितीतरी चिवट असते. आरतीच्या गोंगाटात तेवढा वेळ आत न्या, एरवी चोचीला काम द्या: मक्याचे कणीस, नारळाची करवंटी, कागदात गुंडाळलेला हिरव्या मिरचीचा तुकडा. पाहुण्यांना बजावून ठेवा की चॉकलेट किंवा अवोकाडो त्याला विषासारखे आहे. मोदकांच्या धांदलीत नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका. त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

रानवाट:
घरात अलेक्सा, म्हणजे तोंडी हुकुमावर वस्तू मागवणारे यंत्र, असल्यास खरेदीला संकेतांक लावून ठेवा. इंग्लंडमधील रोको नावाच्या अशाच एका आफ्रिकन ग्रेने 2018 साली कलिंगड आणि आइस्क्रीमची मागणी परस्पर नोंदवली होती. तुमचा पोपट तर सासूबाईंच्या आवाजात मागवील.