आजोबांच्या आत्याचा माग काढायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

आमच्या कुळाचा छापील कुलवृत्तांत घरी आहे. पणजोबा, त्यांचे तीन भाऊ, कोण कुठे नोकरीला लागला, कुणी विहीर बांधली, सगळं त्यात सापडतं. पणजोबांची एक सख्खी बहीण होती, ती मात्र कुठेच नाही. चार भावांच्या ओळीत तिच्यासाठी अर्धी ओळसुद्धा नाही. गेल्या गणपतीत गावच्या घरी माळा आवरताना तिची एकदोन चिन्हं हाती लागली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

घरात तिला सगळे आक्का म्हणायचे. ऐकीव माहिती एवढीच: लग्न लहानपणी झालं, सासर घाटावर कुठेतरी, नवरा मानमोडीच्या तापात (इन्फ्लुएन्झाच्या साथीत) गेला, आणि मग "ती हिंगण्याला गेली". तिला पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय, आजोबांची धाकटी बहीण, माझी आत्याआजी, वय नव्वद. तिला आठवतं ते असं: आक्का मे महिन्यात यायची. हातात काळी छत्री, मनगटावर घड्याळ. विधवा असून केस ठेवलेले, म्हणून सोवळ्यातल्या स्वयंपाकाला हात लावू देत नसत. ओटीवर एकटी जेवायची आणि जेवताना पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायची. आत्याआजीचा एकोणतिसाचा पाढा अजून पक्का आहे तो त्यामुळे. तिचं खरं नाव मात्र आत्याआजीलाही आठवत नाही.

हाती आहे ते एक पोस्टकार्ड. "ती. दादांस" अशी सुरुवात. दादा म्हणजे पणजोबाच, आणि त्यांना सख्खी बहीण एकच. तिथीवर भाद्र. शु. ५ आहे, साल नाही. सही कसरीने खाल्लीय. मजकूर बालबोध लिपीत आणि अक्षर रेखीव. त्यात एक वाक्य आहे, "व्ह. फा. मुळे येथे ठीक चालले आहे." हे व्ह. फा. गाव आहे की माणूस? गोल शिक्क्यात एस, एच, आय एवढी इंग्रजी अक्षरं आणि शेवटी एल दिसतं, मधलं पुसलंय.

त्याच ट्रंकेत एक पितळी परातही होती. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, "चि. सौ. कां. यमू हिस मामाकडून १८३२". ती फारच जुनी, कुणा खापरपणजीची असणार, म्हणून बाजूला ठेवलीय.

पुढे कुठे शोधावं? आडनाव आणि गाव इथे उघड लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

— माळ्यावरची मी

————

परात बाजूला ठेवू नका!! ते १८३२ इसवी सन नाही, शक आहे. भांड्यांवर आणि लग्नपत्रिकांत तेव्हा शकच घालत. त्यात ७८ मिळवा. शके १८३२ म्हणजे एप्रिल १९१० चा पाडवा ते पुढचा पाडवा. आणि "चि. सौ. कां." नवऱ्या मुलीलाच लावतात, म्हणजे हे लग्नातलं भांडं. मुलगी आठदहा वर्षांची धरली तर जन्म १९०० च्या आसपास, आणि १९१८ च्या मानमोडीत ती सतराअठराची. तुमची आक्का म्हणजेच यमू, माझी तरी खात्री आहे.

आणखी एक. लग्नात मिळालेली परात सासरी जायला हवी. ती तुमच्या माळ्यावर आहे, म्हणजे आक्का भांड्याकुंड्यांसकट परत आली.

ठिपके नीट वाचायचे असतील तर चिंचेने घासू नका. काठावर तांदळाचं पीठ चोळा, बोटाने पुसून घ्या आणि बाजूने टॉर्च मारून फोटो काढा.

— तांबटआळी

————

व्ह. फा. म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल! मराठी सातवीची परीक्षा. ती पास झालं की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची. म्हणजे आक्का शिक्षिका होती. पाढे म्हणवून घ्यायची ते उगाच नाही.

"हिंगण्याला गेली" हे मात्र जपून घ्या. जुनी माणसं शिकायला गेलेल्या कुठल्याही विधवेबद्दल सरसकट असं म्हणत. कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला, हे खरं. पण पुण्यातच १९०९ पासून रमाबाई रानड्यांचं सेवासदन होतं, आणि बायकांचं सरकारी ट्रेनिंग कॉलेज तर १८७० पासून. तिन्हीकडे विचारा. विचारताना "यमू" म्हणून विचारू नका, तिथे सासरचं नाव असणार. माझ्या आजीचं माहेरचं नाव तिच्या तेराव्यानंतर कळलं आम्हाला, तेही तिच्या मावसबहिणीने पत्रात लिहिलं म्हणून.

— निवृत्तबाई

————

कार्डावरचं छापील टिकीट किती आण्याचं आहे? पाव आणा असेल तर १९२२ च्या आधीचं, अर्धा असेल तर नंतरचं. आणि कार्डावर दोन शिक्के असतात, एक टाकलं तिथला आणि एक पोचलं तिथला. गल्लत नको.

एस एच आय … एल म्हणजे मला दोन गावं सुचतात, शिरवळ आणि शिरोळ. शिरवळ सातारा जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात, तिथल्या शाळा लोकल बोर्डाच्या. शिरोळ कोल्हापूर संस्थानात, त्यांचं शाळाखातं वेगळं. त्यामुळे आधी गाव पक्कं करा, नाहीतर चुकीच्या दप्तरात महिनाभर धूळ खाल. मी खाल्लीय, भलत्या तालुक्यात.

— पोस्टखातं

————

सासर शोधायचं असेल तर तुमच्याच कुलवृत्तांतात डोकं घालून उपयोग नाही. उलट्या बाजूने जा. दुसऱ्या घराण्यांच्या कुलवृत्तांतात सुनेच्या नावापुढे माहेरचं आडनाव आणि गाव देतात. वाईसाताऱ्याकडच्या घराण्यांचे वृत्तांत काढून त्यात *तुमचं* आडनाव शोधा.

गाव कळलं की तलाठ्याकडे जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) बघा. बाईचं नाव "अमुक कोम तमुक" असं असतं. कोम म्हणजे बायको, बिन म्हणजे मुलगा. पण १९१८ मध्ये एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा नव्हता, फक्त पोटगी. १९३७ च्या कायद्यानंतर हयातीपुरता हक्क मिळू लागला, तोही त्यानंतर वारलेल्यांच्या बायकांना. तेव्हा फेरफारात ती सापडली नाही तर ती नव्हतीच असं समजू नका. जुने कागद बहुधा मोडीत असतील, फोटो काढून इथे टाका, वाचून देतो.

— बिनकोम

————

सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्रभर झोप नाही.

पिठाची युक्ती चालली. "१८३२" च्या आधी "शके" स्पष्ट आहे, मीच तो ओरखडा समजले होते. कार्डाचं टिकीट अर्ध्या आण्याचं. पोचलेला शिक्का आमच्या तालुक्याचा आहे, म्हणजे एस एच आय वाला शिक्का कार्ड टाकलं तिथलाच.

मग आत्याआजीला फोन केला. आधी यमू म्हटलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा तिला रागावले की यमे म्हणायचे." दादा म्हणजे तिचे वडील, माझे पणजोबा. एवढी वर्षं तिला ते आठवलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मग मी कुठलंही गाव न सुचवता विचारलं, आक्काची शाळा कुठे होती गं? म्हणाली, "गाव नाही आठवत. पण नीरेला पूर आला की शाळेला सुट्टी, असं सांगायची. आम्हाला हेवा वाटायचा."

— माळ्यावरची मी

————

नीरा म्हणजे शिरवळच! शिरोळला कृष्णा नि पंचगंगा. 🙂

— पोस्टखातं

————

शिरवळला गेलात तर शाळेत नुसतं जनरल रजिस्टर मागू नका, त्यात पोरांचीच नावं. शेरेबुक मागा. दिपोटी (शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर) तपासणीला आले की त्यात शेरा लिहायचे, कुठल्या इयत्तेला कोण शिकवतं तेही कधीकधी असतं. लोकल बोर्डाच्या शाळा पुढे जिल्हा परिषदेकडे आल्या, तेव्हा कपाटाच्या तळाशी असलं तर असेल. मुख्याध्यापकांना आधी फोन करा, आणि परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, कुणी कपाट उघडणार नाही.

आणि ट्रंक पुन्हा बघा. भावाला मनिऑर्डर केली असेल तर कुपनावर सासरचं पूर्ण नाव मिळेल.

— निवृत्तबाई

————

ट्रंक पाहिली. कुपन नाही. तळाशी अंथरलेल्या कागदाखाली छत्रीची एक काडी होती, तेवढीच.

पुढच्या शनिवारी शिरवळला जातेय. इथे कुणी तिथलं असेल तर एवढंच सांगा, जुन्या काळी मुलींची शाळा वेगळी भरायची का, आणि भरत असेल तर नदीच्या अंगाला होती का?

— माळ्यावरची मी